तीन तासांचं बाझल

बाझलला मुद्दाम असं कुणी येत नाही. हे आम्हा बाझलकरांना पुरतं ठाऊक आहे, पण दुसऱ्या कुणी बोललं की आम्हाला झोंबतं. लोक निघालेले असतात बर्फाच्या डोंगरांकडे, नाहीतर पॅरिसला. मध्येच बस थांबते, बोट धक्क्याला लागते, हातात तीन तास मिळतात. त्या तीन तासांत त्यांना चर्च बघायचं असतं, पूल बघायचा असतो, घोटभर कॉफी हवी असते आणि संडास कुठे आहे ते कळायला हवं असतं. आनेलीस गीझिननं सत्तावीस वर्षं हे सगळं पुरवलं. संडास ती सगळ्यात आधी दाखवायची, म्हणून तिच्यावर माणसं पहिल्या पाच मिनिटांतच खूश असायची.

बाई बुटकी, चष्मा जाड काचांचा, पण चालणं असं की ताडमाड उंच पाहुण्यांची तिच्यामागे धावताना दमछाक व्हायची. राहायची आमच्याकडे, धाकट्या बाझलात. ऱ्हाईन नदीच्या त्या काठाला थोरलं बाझल. तिथे चर्च, विद्यापीठ आणि पिढीजात श्रीमंत घराणी, जी आपली श्रीमंती कधी दाखवत नाहीत आणि आपल्याला कधी विसरूही देत नाहीत. या काठाला आम्ही, म्हणजे त्यांच्या कारखान्यांत राबलेल्यांची पोरं. बाकीचे गाइड पाहुण्यांना थोरल्या बाजूला फिरवून परत बसमध्ये कोंबायचे. आनेलीस मात्र त्यांना हाकत पुलावरून अलीकडे आणायची, आमच्या गल्लीतल्या कारंज्यापाशी उभं करायची आणि वेणीची गोष्ट सांगायची.

गोष्ट लहानशीच. १९३८ साल. रेशमी फितींच्या कारखान्यात सोळा वर्षांची एक मुलगी मागावर होती. मागाखाली पडलेले, झाडून टाकायचे लाल धागे तिनं गोळा केले, त्यांची वीतभर फीत विणली आणि वेणीत गुंफली. संध्याकाळी फाटकात खुद्द मालक उभे होते. त्यांनी फीत पाहिली. मुलीला सगळ्यांसमोर स्टुलावर बसवलं, कात्री मागवली आणि वेणी मानेपासून फितीसकट स्वतःच्या हातानं कापली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी डोक्याला रुमाल न बांधता, कातरलेल्या केसांनी, भर रहदारीत मधला पूल ओलांडून कामावर गेली. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी आपापली वेणी कापून आल्या. आठवडाअखेरीला अशा अकराजणी झाल्या. मालकांनी पुढे फाटकात उभं राहणं सोडलं.

आनेलीसची गोष्ट इथेच संपायची. ज्यांनी चर्चच्या मनोऱ्यांकडे धड मान वर करून पाहिलं नव्हतं, ती माणसं कारंज्यापाशी मिनिटभर हलायची नाहीत.

ती मुलगी म्हणजे आनेलीसची आई. हे मात्र ती पाहुण्यांना सांगत नसे. आईनं ही हकिगत जन्मात एकदाच सांगितली होती, आनेलीस बारा वर्षांची असताना, केस आखूड कापायचा हट्ट धरून बसली होती तेव्हा. शेवटी आई म्हणाली होती, "सांगायची तर सांग कुणाला, पण माझं नाव घेऊ नकोस. लोक फीत विसरतील आणि चोर म्हणतील." आई जाऊनही अकरा वर्षं झाली, तरी आनेलीसच्या तोंडी 'एक मुलगी' हेच शब्द बसले होते. मालकाचं नावही ती घेत नसे. त्याचं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते तिला स्वतःलाही फारसं आवडत नव्हतं. मालकाचं आडनाव हागेनबूख होतं, आणि ती ज्या सहल-कचेरीत नोकरी करत होती तिचा प्रमुख होता निक्लाउस हागेनबूख, त्याच मालकाचा नातू.

हा निक्लाउस दिसायला गोड माणूस. रेशमी गळपट्टा, हळू आवाज, दाराशी भेटलात तर आधी तुम्हाला वाट देणार. त्यानं एकदा सगळ्या गाइडांना बोलावून सांगितलं, "तुमच्या फेऱ्या लिहून द्या, संग्रहात ठेवायच्यात. तुमच्यामागे हे ज्ञान हरवायला नको." बाकीच्यांनी पानपानभर खरडून दिलं. आनेलीसनं चाळीस पानं दिली, स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात. दोन वर्षांनी त्याच पानांवरून हेडफोनची फेरी निघाली. पाहुण्यानं हेडफोन कानाला लावायचे आणि आपलं आपण फिरायचं. आवाज निक्लाउस हागेनबूखचा. लेखन, संशोधन, सगळं निक्लाउस हागेनबूखचं. आणि आनेलीसला बासष्टाव्या वर्षी फुलांचा गुच्छ मिळाला.

"तुम्ही खूप केलंत, फ्राउ गीझिन. आता पायांना आराम द्या," तो म्हणाला.

तिनं कचेरीवरच्या समितीकडे तक्रार केली. समितीतल्या गृहस्थांनी आपुलकीनं समजावलं, की गोष्टी शहराच्या असतात, त्यांच्यावर कुणाचा हक्क नसतो. आणि तुमच्या गोष्टीत तर कुणाचं नावसुद्धा नाही, बाई. घरी येऊन तिनं गुच्छातली फुलं कचऱ्यात टाकली आणि फुलदाणी घासून ठेवली.

इथवर असतं तर ती धुसफुसत राहिली असती आणि वयाप्रमाणे थंडही झाली असती. पण ऑक्टोबरात एका दुपारी तिनं स्वतःच हेडफोन भाड्यानं घेतले. आपल्याच वाटेनं, आपल्याच थांब्यांवर थांबत, कानात त्या माणसाचा मऊ आवाज ऐकत ती कारंज्यापाशी आली. आवाज सांगत होता: "सोळा वर्षांची एक गरीब मुलगी. तिनं टाकाऊ धाग्यांची फीत विणली होती. फाटकात माझे आजोबा उभे होते. मुलगी भीतीनं थरथरली. पण आजोबांनी काय केलं? त्यांनी कारखान्यातली सगळ्यात सुंदर लाल फीत मागवली आणि स्वतःच्या हातानं तिच्या वेणीत बांधली. दुसऱ्या दिवशी अकरा मुली वेणीत लाल फीत घालून पूल ओलांडत आल्या."

शेजारी दोन जपानी पाहुण्या उभ्या होत्या, कानाला तेच हेडफोन. त्यांचे डोळे पाणावले होते. एकीनं तर कारंज्याला हात लावून नमस्कार केला.

आनेलीसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी तिनं गिळली असती. पण ज्या हातानं कात्री चालवली तोच हात आता रोज शंभर लोकांच्या कानात आईच्या वेणीत फीत बांधत होता, आणि लोक त्या हातासाठी डोळे पुसत होते. तिनं हेडफोन परत केले, पावती घेतली, घरी आली आणि मैत्रिणीला, मार्ग्रिट श्टोहलरला, फोन लावला.

"मार्ग्रिट, या फासनाख्तला मला म्हातारी आत्या व्हायचंय."

"तू? बासरी सोडून?" मार्ग्रिट म्हणाली. "तीस वर्षं पथकात बासरी वाजवतेस. मध्येच आत्या कशाला?"

"मला एकाला धरायचंय."

मार्ग्रिटला पुढचं विचारावं लागलं नाही. आमच्याकडे फासनाख्तचे, म्हणजे मुखवट्यांच्या सणाचे, तीन दिवस म्हणजे वर्षभराच्या रागाचा निचरा. पूर्ण पोशाख, हातमोजे, डोक्यावरून मानेपर्यंत मुखवटा चढवायचा, आवाज किनरा करायचा, आणि ज्याच्यावर दात असेल त्याला गाठून भर लोकांत त्याच्या भानगडी त्यालाच सुनवायच्या. मुखवटा घातला की मेयरलाही 'अरे-तुरे'. ऐकणाऱ्यानं चिडायचं नाही, हसत ऐकायचं. चिडला तर पुढच्या फासनाख्तपर्यंत त्याची चेष्टा चालते. आणि सुनावणाऱ्यानं आपण कोण ते कधीही, कुठल्याही परिस्थितीत उघड करायचं नाही. भर लोकांत मुखवटा काढणारं माणूस आमच्या लेखी बाझलकर नव्हेच.

म्हातारी आत्या हे आमचं जुनं सोंग. फुलांची टोपी, जाळीचे हातमोजे, हातात छत्री आणि लांब नाकाची, ओठ आवळलेली, थोरल्या बाझलातली खडूस कुमारिका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आनेलीस न्हाणीघरात आवाज काढून पाहत होती. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी एकदा मांजर कुठे अडकलंय का म्हणून विचारलं. तिनं काय काय बोलायचं ते लिहिलं, फाडलं, परत लिहिलं. वाक्याला धार लागली की ती स्वतःशीच हसायची. इतकी वर्षं रांगेत गोड बोललेल्या बाईला हे दिवस भलतेच मानवले, आणि हे मार्ग्रिटनंच मला सांगितलं.

"त्याला रडवायचंय मला," ती मार्ग्रिटला म्हणाली. "हसत हसत रडवायचंय. त्या माणसाला घशात घास अडकल्यासारखं व्हायला हवं."

"आणि आईचं नाव?"

"मुखवट्याआडून नावं नसतात गं."

बुधवारी दुपारी चार वाजता ती संधी आली. थोरल्या बाझलातल्या एका खानावळीत हागेनबूख ब्रेमेनहून आलेल्या आठ पाहुण्यांना घेऊन बसला होता. एका सहल-कंपनीची माणसं. पुढच्या हंगामात त्यांच्या बसगाड्या बाझलला तीन तास थांबवायच्या का, ते ठरवायला आलेली. टेबलावर भाजक्या पिठाचं सूप, कांद्याची खारी टार्ट, पांढरी वाइन. प्रत्येकाच्या गळ्यात हेडफोन लटकत होते. फेरी नुकतीच संपवून आले होते. बाहेर ढोल आणि बासऱ्या, आत पावसाळी कोटांचा वास, जमिनीवर कागदी टिकल्यांचा थर.

दोन म्हाताऱ्या आत्या दारातून आत आल्या तशा लोकांनी माना वळवल्या. एक आत्या सरळ हागेनबूखच्या खुर्चीपाशी गेली आणि त्याच्या मानेवर छत्रीचं टोक टेकवलं.

"अगं बाई, निक्लाउस!" ती किनऱ्या आवाजात ओरडली. "केवढा झालास रे! आणि नाक बघ, अगदी आजोबांचं. दुसऱ्याच्या पानात खुपसायला बरं पडतं, नाही?"

आसपासची टेबलं हसली. हागेनबूखचा चेहरा खुलला. आनेलीसनं हिशोबात धरलं नव्हतं ते हे. फासनाख्तला आत्या तुमच्यापाशी आली, म्हणजे तुम्ही गावातले कुणीतरी आहात. पाहुण्यांसमोर याहून मोठा मान कुठला?

"ये, ये आत्या!" तो म्हणाला. "वाइन घेतेस?"

"तुझी नको रे बाबा. उद्या म्हणशील, द्राक्षं मीच तुडवली." पुन्हा हशा. "चाळीस पानं कुणी लिहिली रे? तुझ्या बोटांना शाई लागलेली मी तर कधी पाहिली नाही. ज्या बाईनं लिहिली तिला काय दिलंस? गुच्छ! नशीब तिचं, पुष्पचक्रच आणलं नाहीस."

"फारच तिखट आहे हं ही," हागेनबूख हसत टाळ्या वाजवत म्हणाला.

"आणि तो कारखान्याच्या फाटकातला दिवस? सोळा वर्षांच्या पोरीला स्टुलावर बसवून आजोबांनी कात्री मागवली. वेणी कापली, मानेपासून. आणि तू? तू तीच वेणी परत चिकटवलीस आणि वर फीत बांधलीस! न्हावी व्हायला हवा होतास रे तू. इतका सफाईदार हात आख्ख्या बाझलात नाही."

बाझलकरांची दोन टेबलं एकदम गप्प झाली. ब्रेमेनच्या पाहुण्यांना मात्र आमची बोली, तीही किनऱ्या आवाजातली, काडीची कळत नव्हती. त्यांची प्रमुख, वीब्के टॉमसेन नावाची उंच, करड्या केसांची बाई, हागेनबूखकडे वाकली.

"काय म्हणतेय ही?"

हागेनबूखनं गळपट्टा सारखा केला, वाइनचा घोट घेतला आणि शुद्ध जर्मनमध्ये मऊपणे सांगितलं, "ती आजोबांची आठवण काढतेय. म्हणतेय, इतक्या उदार मनाचा मालक बाझलात पुन्हा झाला नाही. कारंज्यापाशी तुम्ही ऐकलीत ना, तीच गोष्ट. आमच्याकडे ती अजून लोकांच्या तोंडी आहे."

आठही जणांनी "वा" म्हटलं. एका पाहुण्यानं आत्यासमोर पेला उंचावला.

मुखवट्याच्या आत आनेलीसला घाम फुटला होता. चार महिने घासून घासून धार लावलेली वाक्यं, आणि या माणसानं ती तिच्याच समोर उचलून आजोबांच्या गळ्यात हार म्हणून घातली होती. पुन्हा एकदा. जोवर तोंडावर मुखवटा आहे तोवर हा हसत राहणार, कारण मुखवट्याला हसायचंच असतं. तिला हे इतकं लख्ख कळलं की तिचे हात आपोआप हनुवटीखालच्या बंदाकडे गेले.

मार्ग्रिटच्या लक्षात आलं. तिनं आनेलीसची बाही धरली.

"वेड लागलंय का तुला?" ती मुखवट्यातूनच फिसकारली. "इथे? सगळ्यांसमोर? पथकातून काढतील. तुझ्याशी कुणी बोलणार नाही. ऐक माझं, बाहेर चल."

आनेलीसला ते सगळं माहीत होतं. पथकातली बासऱ्यांची दुसरी रांग, मंगळवारचा सराव, सरावानंतरचं सूप, नवरा नसलेल्या, मूल नसलेल्या बाईचं जे काही घर म्हणायचं ते तेवढंच होतं. आणि ते त्या दिवशी सुटलं ते सुटलंच. पथकाच्या प्रमुखानं पुढच्याच आठवड्यात तिची बासरी पेटीत घालून मार्ग्रिटच्या हाती पाठवली. आमच्या गल्लीतले निम्मे लोक आजही तिला पाहून रस्ता ओलांडतात. निम्मे ओलांडत नाहीत, त्यांत मी आहे.

तिनं मुखवटा काढला आणि सुपाच्या भांड्याशेजारी टेबलावर ठेवला.

खानावळीत कुणीतरी "ए!" म्हणून ओरडलं. एका म्हाताऱ्या ढोलवाल्यानं पाठ फिरवली. आनेलीसचे केस घामानं कपाळाला चिकटले होते, गालांवर मुखवट्याच्या कडांचे लाल वळ होते. हागेनबूखच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नसावं.

"फ्राउ गीझिन," तो म्हणाला. "हे... हे असं करत नाहीत."

"नाही करत," आनेलीस म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा, गाइडचा, आणि भाषा पाहुण्यांना कळेल अशी शुद्ध जर्मन. "नमस्कार. मी सत्तावीस वर्षं या गावात गाइड होते. तुम्ही आज जी फेरी ऐकलीत ती माझी. शब्दन् शब्द माझा, एक सोडून. ह्यांच्या आजोबांनी फीत बांधली नाही. त्यांनी वेणी कापली. ह्यांनी आत्ता तुम्हाला जे सांगितलं, ते मी बोललेच नव्हते. हसा ना, हेर हागेनबूख. आता का नाही हसत?"

वीब्के टॉमसेननं गळ्यातले हेडफोन काढले. "खरं आहे हे?" तिनं हागेनबूखला विचारलं.

"जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला. "ऐंशी वर्षांपूर्वीची. नेमकं काय झालं ते कोण सांगणार?"

"मी सांगणार," आनेलीस म्हणाली. "ती मुलगी माझी आई."

मार्ग्रिटनं बाही सोडली. तिला माहीत होतं, पण आनेलीसच्या तोंडून ते भर लोकांत तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

हागेनबूख पांढरा पडला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "ती तुमची आई होती हे खरंच माहीत नव्हतं."

"पण वेणी कापली हे माहीत होतं," वीब्के टॉमसेन म्हणाली. बाई हुशार होती.

त्यानं पेल्याकडे पाहिलं. "आमच्या घरी सांगायचे," तो म्हणाला. "नाताळला, जेवताना. आजोबांनी एका पोरीची कशी जिरवली, म्हणून. सगळे... सगळे हसायचे. मला ती तशी सांगवेना. म्हणून मी बदलली."

आनेलीसला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्याला शांत वाटेल. वाटलं नाही. उलट संताप आणखी वाढला. ऐंशी नाताळ. ऐंशी वेळा तिची आई त्या घरच्या जेवणात तोंडी लावायला होती. आणि इकडे आईनं मरेपर्यंत त्या गोष्टीत आपलं नाव घेऊ दिलं नाही, कुणी आपल्याला चोर म्हणेल म्हणून.

"बदलली," ती म्हणाली. "आईसाठी नाही बदललीत. स्वतःसाठी बदललीत. उभे राहा."

"फ्राउ गीझिन, कृपा करून..."

"उभे राहा म्हणते मी."

तो उभा राहिला. का राहिला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिनं इतकी वर्षं परक्या माणसांना त्याच आवाजात रस्त्याच्या कडेला उभं केलं होतं.

"तिला नाव होतं," आनेलीस म्हणाली. "लीना बूझर. म्हणा."

"लीना बूझर," तो पुटपुटला.

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

हागेनबूखनं घसा खाकरला. "लीना बूझर," तो मोठ्यानं म्हणाला, आणि ज्या ढोलवाल्यानं पाठ फिरवली होती त्यानं मान वळवून पाहिलं.

आनेलीसनं रिकामी खुर्ची ओढली आणि पाहुण्यांमध्ये बसली, हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"आता पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "आजोबांचं पूर्ण नाव घेऊन. आणि घाई करू नका, ह्यांची बस सुटायला अजून वेळ आहे."